खारट पापा आणि कळसूबाईच्या शिड्या

मैत्रिणींनो, लेकराचा पापा घेतला आणि ओठांना मीठ लागलं, तर आपण काय म्हणतो? 'किती घामेजलंय गं!' आणि पदरानं गाल पुसून मोकळ्या होतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण भर थंडीतही पापा खारटच लागत असेल, खोकला महिनोन् महिने हटत नसेल, पोटभर खाऊनही मूल अंग धरत नसेल आणि शी तेलकट, फार वासाची होत असेल, तर ही सगळी लक्षणं एकत्र डॉक्टरांच्या कानावर घाला. सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या जन्मजात आजाराची ही खूण असू शकते. आपल्याकडे तो क्वचित ओळखला जातो. पुष्कळदा दमा किंवा क्षय समजूनच औषधं चालू राहतात. घामातलं मीठ मोजण्याची, सुई न टोचता होणारी तपासणी मात्र मोठ्या रुग्णालयांत होते.

या आजारात शरीरातले स्राव चिकट होतात. छातीत कफ साचतो, आणि पाचकरस आतड्यात नीट न उतरल्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन या बाईंनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. पुढे १९४८ च्या कडक उन्हाळ्यात तिथली अशी मुलं एकाएकी कोसळू लागली, आणि त्यावरून घामावाटे फार मीठ जातं हे उमगलं.

एक गोष्ट घरात सगळ्यांना वाचून दाखवा हं. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही सदोष जनुक मिळाले तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता. तेव्हा 'तिच्या माहेरचं आलंय' म्हणून सुनेला बोल लावण्यात काही अर्थ नाही. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते, तेवढं लक्षात ठेवावं.

निदान झालं की आईचा जीव धास्तावतो. 'पळू नकोस, दम लागेल.' शाळेत खेळाच्या तासाला सूट मागणारी चिठ्ठी, सहलीच्या यादीत नाव नाही. मी अर्धवेळ शिक्षिका आहे. दम्याच्या, अशक्तपणाच्या अशा चिठ्ठ्या दर वर्षी हाती येतात. त्यामागची माया कळते हो! पण पोर व्हरांड्यात बसून मैदानाकडे बघत राहतं, ते बघवत नाही. शिवाय या आजारात डॉक्टरच व्यायाम सांगतात. पळण्या-चढण्यानं कफ सुटतो, छातीला बळ येतं.

निक टॅलबट या इंग्रज गृहस्थाला हाच आजार. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, तेव्हा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर हिमकडा कोसळून ते जखमी झाले. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या मे महिन्यात, ते शिखरावर पोचले. सिस्टिक फायब्रोसिस असलेला पहिला एव्हरेस्टवीर! तुम्ही म्हणाल, कुठं एव्हरेस्ट अन् कुठं आपण? अहो, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे की.

मात्र उठलं आणि निघालं, असं चालणार नाही. आधी डॉक्टरांकडून फुप्फुसांची ताकद मोजून घ्या आणि त्यांची परवानगी घ्या. आम्हा सावेडीकरांना तालमीसाठी चांदबीबी महालाचा डोंगर बरा. वरपर्यंत रस्ता असल्यानं गाडी हाताशी ठेवता येते. तिथं महिना दोन महिने हळूहळू चढण वाढवा, मग बारी गावातून कळसूबाई. उन्हाळा टाळून थंडीचे दिवस धरा. निघण्यापूर्वी वाफारा आणि छाती मोकळी करण्याचे व्यायाम चुकवू नका. पचनाच्या गोळ्या चालू असतील तर त्या वाटेवरच्या खाण्याबरोबरही लागतात. डब्यात तूप लावलेली गूळपोळी, खारे शेंगदाणे, चकली असू द्या. जोडीला क्षारसंजीवनीचं पाणी. मीठ किती वाढवायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. खोकला वाढला, कफाचा रंग बदलला किंवा ताप आला, तर बेत पुढे ढकला.

चढताना मुलाशी बोलत राहा. एक वाक्य धड पुरं करता येत नसेल, तर बसवा. विसाव्यानंही दम ओसरला नाही, ओठ निळसर दिसले किंवा कफात रक्त दिसलं, तर लगेच मागं फिरा आणि डॉक्टर गाठा. शिड्यांपाशी थांबून परत आलात म्हणून चढलेलं काही वाया जात नाही. पुन्हा जाता येईल.

पूर्वी ही मुलं शाळेच्या वयापर्यंतही क्वचितच जगत. आज उपचार मिळाले तर मोठी होतात, नोकरी-संसार करतात. २०१९ पासून आजाराच्या मुळावरच काम करणारं अधिक प्रभावी औषध निघालंय. ते फार महाग आहे आणि सगळ्यांना लागूही पडत नाही. पण रोजचा वाफारा, रोजची कसरत, तुपाची धार हे तर तुमच्याच हातात आहे ना? मोठ्या चढणीची तयारी त्यातूनच होते.

तेव्हा पुढच्या सहलीचा कागद घरी आला, की 'नाही' लिहिण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना विचारा. आणि हो, मुलालाही विचारा!