काटा आणि टाकी



दरवर्षी २९ जूनला, संत पेत्राच्या सणी, आपल्या गोमंतकातील नदीकाठच्या गावांतून सांगोड सजतात आणि होड्यांना आशीर्वाद देण्याचे भाग्य आम्हां धर्मगुरूंस लाभते. पावसाळा सरला म्हणजे यांपैकी काही होड्या पाहुण्यांना फेरफटक्यास नेऊ लागतात. त्यांवर आपल्यातील कित्येक कुटुंबांची चूल पेटते. आशीर्वादाने होडीचे रक्षण व्हावे ही प्रार्थना आम्ही मनोभावे करतो. परंतु आशीर्वादाने टाकी भरत नाही, हा धडा आम्हांस अलीकडेच मिळाला.

गेल्या हिवाळ्यात वेदीवर सेवा करणाऱ्या नऊ मुलांना घेऊन आम्ही मांडवीच्या मुखाकडे डॉल्फिन पाहावयास निघालो. होडी आमच्याच धर्मग्रामातील एका तांडेलाची होती. निघताना काटा पाव टाकी दाखवीत होता.

“बाबा, पेट्रोल पुरेल ना?” आम्ही विचारले.

“पुरेल, पाद्रीबाब. काटा बघा ना!”

आग्वादच्या टोकाजवळ डॉल्फिन दिसले, तांडेलाने वेग कमी केला आणि यंत्र दोनदा गुरगुरून बंद पडले. काटा खाली आला तो त्यानंतर! ओहोटी लागली होती आणि होडी समुद्राकडे ओढली जात होती. दुसऱ्या प्रयत्नास नांगर तळाला धरला. अंगात तरंगजाकिटे होती, म्हणून मुलांपेक्षा आम्हीच अधिक घाबरलो होतो. पाऊण तासाने मासेमारीच्या एका होडीने दोर टाकून आम्हांस किनाऱ्यास आणले. उतरताना सर्वांत धाकट्याने विचारले, “पाद्रीबाब, काटा खोटं बोलला का?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही जाणत्यांकडून समजून घेतले, ते येथे देतो.

टाकीत एक तरंगता गोळा असतो. तो इंधनाबरोबर वरखाली होतो आणि त्याच्या दांड्याला जोडलेले विजेचे साधन काट्यास निरोप धाडते. म्हणजे काटा सांगतो ती केवळ एका जागेवरील उंची, लिटर नव्हेत. मोटारीच्या टाकीचा तळ बहुधा रुंद असतो; होडीची टाकी मात्र पुष्कळदा होडीच्या तळासारखीच खाली निमुळती असते. तेथे अर्धी उंची उरली तरी इंधन अर्ध्याहून कमी असते. शिवाय वेगात होडीचे पुढचे टोक उचलले जाते व इंधन मागे धावते. गोळा मागे असला की काटा उगीच वर चढतो. वेग कमी होताच खरी स्थिती उघड होते. आणि शेवटचे काही लिटर तर यंत्राच्या नळीस पोहोचतच नाहीत.

खारी हवाही आपले काम करते. तारांचे सांधे गंजतात व निरोप बिघडतो. आणखी एक गोष्ट: अमेरिकी पद्धतीच्या साधनात रिकाम्या टाकीस सुमारे २४० ओहम व भरल्या टाकीस ३३ ओहम विरोध असतो, युरोपी पद्धतीत रिकाम्यास १० व भरल्यास १८०. एका पद्धतीचे साधन दुसऱ्या पद्धतीच्या काट्यास जोडले, तर टाकी रिकामी होता होता काटा वर चढेल! सुटे भाग घेताना ही जोडी अवश्य पाहावी.

पुढच्या सोमवारी तांडेल खाली मान घालून आमच्याकडे आला. आम्ही रागावलो नाही. दोघे मिळून होडीवर गेलो. त्याने साठ लिटरांची टाकी पूर्ण रिकामी केली, होडी सपाट ठेवली आणि मापाने पाच पाच लिटर ओतून प्रत्येक वेळी काट्याची जागा पुठ्ठ्यावर टिपली. पहिले पाच लिटर पडताच काटा पावाजवळ जाऊन बसला. तेथे पंधरा असावयास हवे होते! तो पुठ्ठा आता काट्याशेजारी चिकटवलेला आहे.

हे काम उघड्यावर, प्रवासी उतरवून व यंत्र बंद करून करावे. जवळ विडी अगर ठिणगी नसावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते व होडीच्या तळाशी साचून राहते.

काट्यावर न विसंबता तासांचाही हिशेब ठेवावा. चाळीस अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक यंत्र पूर्ण वेगात तासाला सुमारे पंधरा लिटर पेट्रोल पिते. जुने दर्यावर्दी इंधनाचे तीन वाटे करतात: एक जाण्यास, एक येण्यास, एक संकटास. साठ लिटरांत जाण्याचा वाटा वीस लिटरांचा, म्हणजे पूर्ण वेगाने एक तास वीस मिनिटे. त्यानंतर पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी होडी वळवावी. एका फेरीचे भाडे बुडेल. पण कोणाचे लेकरू बुडणार नाही.

शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टान्त आपण जाणता. दिवे दहाही जणींपाशी होते. मूर्ख ठरल्या त्यांनी हातातील दिव्यावर भरवसा ठेवला. शहाण्यांनी वेगळ्या भांड्यात तेल घेतले. आपल्या अंतःकरणातही असाच एक काटा आहे. ‘मी बरा आहे’ असे तो सांगतो, विशेषतः आपण वेगात असतो आणि मिस्सा, सण, धावपळ सुरू असते तेव्हा. म्हणून अधूनमधून थांबून, होडी सपाट ठेवून, टाकी मोजावी लागते. रात्रीचे आत्मपरीक्षण आणि पापनिवेदन ही ती मोजणी होय.

असो. धाकट्याला आम्ही उत्तर दिले, “बाळ, काटा खोटे बोलला नाही, आम्ही त्याला नीट प्रश्नच विचारला नव्हता.” येत्या मोसमात आपल्या होड्या निघण्यापूर्वी तो प्रश्न प्रत्येक घराने विचारावा, एवढेच आमचे मागणे. सागराची तारका पवित्र मरिया आपणां सर्वांचे रक्षण करो.