चार थेंब पडताच फीडर ट्रिप का होतो?

मृगाचा शिडकावा झाला की गावोगावी तीच तक्रार: चार थेंब पडले आणि लाइट गेली. नंतर धो-धो पावसात मात्र तीच लाइन टिकते. कारण खांबावरच्या चिमणीत, म्हणजे चिनी मातीच्या इन्सुलेटरमध्ये शोधा.

उन्हाळाभर चिमणीवर धूळ, वीटभट्टीची राख, जाळलेल्या पाचटाची काजळी बसते. किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याचे मीठ. हे पूट कोरडे असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. दव, धुके किंवा भुरभुर पाऊस आला की त्यातले क्षार विरघळतात आणि ओल्या थरातून थोडा थोडा प्रवाह गळू लागतो. त्या उष्णतेने थर मध्येच कुठेतरी सुकतो आणि त्या सुक्या पट्टीवर ठिणग्या उडतात. रात्री खांबावर चरचर ऐकू येते, ती हीच. ठिणगी लांबत लोखंडी अँगलपर्यंत पोचली की ‘फ्लॅशओव्हर’ होतो आणि सबस्टेशनात ब्रेकर पडतो. जोराचा पाऊस हेच पूट धुऊन टाकतो.

तापलेली चिमणी पाण्याने तडकते, हे नेहमीचे स्पष्टीकरण खोटे नाही, पण अर्धेच आहे. तडकलेली चिमणी शोधून बदलावीच लागते. फ्लॅशओव्हरनंतर ती बऱ्याचदा शाबूत असते आणि फीडर पुन्हा चालू होतो. दर दवाला तोच फीडर पडत असेल, तर संशय पुटावर घ्या.

मान्सूनपूर्व कामे म्हणजे नुसती फांद्यांची छाटणी नव्हे. वीट भट्ट्यांजवळच्या चिमण्या पुसणे किंवा बदलणेही त्यात हवे. ११ केव्ही लाइनचा कमाल दाब १२ केव्ही धरतात. कमी प्रदूषणात दर केव्हीला १६ मिमी, म्हणजे चिमणीच्या पृष्ठभागावरून १९२ मिमी वाट पुरते. जास्त प्रदूषणात २५ मिमीने ३०० लागते. सिलिकॉन रबराच्या पॉलिमर इन्सुलेटरवर पाणी पसरत नाही, थेंब सुटे राहतात. उत्तर भारतातल्या धुक्यासाठी पॉवरग्रिडने अनेक लाइनवर तेच बसवले.

तुमच्या हातात आहे ते एवढे: लाइनखाली पाचट जाळू नका, कुजवा. पंपाच्या पाइपने चिमणी धुण्याचे धाडस तर मुळीच नको. ओल्या दिवसांत खांबाला किंवा ताणाला जनावर बांधू नका. चरचर ऐकू आली तर लांबूनच खांबाचा नंबर टिपा आणि १९१२ वर तक्रार देताना वेळ, दव होते की पाऊस, हेही सांगा.