मुदतवाढीचा कोळसा

वैशाखातल्या दुपारी भुसावळ जंक्शनच्या दादऱ्यावर उभे राहण्याचे धाडस ज्याने केले असेल, त्याने कोळशाने भरलेल्या वाघिणींची लांबच लांब रांग पायांखालून सरकताना अवश्य पाहिली असेल. आणि त्याची नजर किंचित चिकित्सक असेल, तर काळ्याभोर ढेकळांच्या मधून डोकावणारे राखाडी दगडही त्याच्या लक्षात आले असतील. माझे एक मामा रेल्वेत गार्ड होते. ते हयातभर म्हणत, ‘‘अरे, कोळसा अर्धा नि खडक अर्धा, भाडं मात्र पुरं.’’ मामांच्या हिशेबात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती, कारण आपल्या औष्णिक केंद्रांना मिळणाऱ्या देशी कोळशात शंभर भागांपैकी पस्तीस ते पंचेचाळीस भाग केवळ राख असते, आणि ती राख खाणीपासून भट्टीपर्यंत शेकडो मैल वाहून आणण्याचा, भट्टीत तापवण्याचा व शेवटी कोठेतरी पसरून ठेवण्याचा खर्च वीज वापरणाराच मुकाट्याने भरीत असतो.

‘स्वच्छ कोळसा’ हा शब्दप्रयोग अलीकडे शासकीय दस्तऐवजांतून आणि परिसंवादांतून इतक्या सहजतेने वावरू लागला आहे, की कोळसा उगाळावा तितका काळाच ही आपल्या पूर्वजांनी दिलेली सनद कोणी रद्दबातल केली की काय, अशी शंका यावी. या शब्दामागे संशोधन नाही असे मी म्हणणार नाही. संशोधन आहे आणि त्यातले काही खरोखर अभिमान वाटावा असे आहे. माझी तक्रार निराळी आहे. प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले, परदेशात जे चार-पाच दशके राबवले गेले आणि आपल्याच सरकारने ज्याचे हुकूम काढले, ते धुराड्यापर्यंत पोहोचण्याआधी दफ्तरातल्या एका शब्दापाशी अडते, आणि तो शब्द म्हणजे मुदतवाढ.

भुसावळजवळच्या दीपनगराकडे पाहा. १९६०चे दशक सरता सरता तेथे पहिला छोटा संच सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे दोन, मग ५०० मेगावॅटचे दोन, आणि अलीकडे ६६० मेगावॅटचा सहावा संच उभा राहिला. हा नवा संच ज्याला अतिक्रांतिक म्हणतात त्या जातीचा आहे. घरी चहाचे पातेले उकळते तेव्हा पाण्याची वाफ होताना बुडबुडे येतात, झाकण थरथरते. पण पाण्यावरील दाब वातावरणाच्या सुमारे २१८ पटींपलीकडे आणि उष्णता ३७४ अंशांपलीकडे नेली, की पाणी व वाफ हा भेदच मावळतो, उकळण्याची अवस्थाच राहत नाही, आणि त्या दाट, तप्त प्रवाहाने चक्र फिरवले असता त्याच कोळशातून अधिक वीज निघते. जुने संच कोळशातल्या उष्णतेपैकी शंभरात पस्तीस भागांच्या आसपास विजेत उतरवतात. नवे चाळिसाच्या आसपास पोहोचतात. पाच भागांचा फरक वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु तितक्याच विजेसाठी जळणारा कोळसा त्यामुळे आठवा हिस्सा कमी होतो. त्याही पुढची पायरी म्हणून ‘भेल’, ‘एनटीपीसी’ आणि कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून ७०० अंशांवर चालणाऱ्या संचाचे संशोधन हाती घेतले, २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी दीड हजार कोटींहून अधिक रकमेची तजवीज केली, आणि त्या भयंकर उष्णतेत वर्षानुवर्षे न वाकणाऱ्या निकेलयुक्त मिश्रधातूंच्या नळ्या आपल्याच देशात घडवून दाखवण्यात आल्या. ज्यांनी हे केले त्यांना मी मनापासून नमस्कार करतो. २०२४च्या अर्थसंकल्पात अशा ८०० मेगावॅटच्या व्यापारी संचाची घोषणाही झाली. मात्र घोषणा आणि वीज यांच्यामध्ये किती पावसाळे जातात, हे खानदेशाने पाहिलेले आहे.

तापमापकाचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा जळगावात कूलर ही चैन राहत नाही. साधा घरगुती कूलर रात्रभर, म्हणजे आठ तास चालवला तर दीड-पावणेदोन युनिट वीज लागते. एका युनिटला ढोबळमानाने पाऊण किलो कोळसा धरला, तर आपल्या एका रात्रीच्या झोपेसाठी सव्वा किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि त्यातून चार-साडेचारशे ग्रॅम राख उरते. हा हिशेब कागदावर केला तेव्हा तो मला पटेना, म्हणून बंबातली चाळलेली राख वाण्याकडच्या ताजव्यात जोखून पाहिली: दोन्ही हातांची ओंजळ भरून सांडली. दर रात्री, दर घराची एवढी ओंजळ कोठे जाते, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. ती पाण्यात कालवून नळांवाटे बांध घातलेल्या तळ्यात सोडली जाते, उन्हाळ्यात सुकते, आणि वारा सुटला की तिला शिवारांच्या हद्दी कळत नाहीत. राखेचा वापर सिमेंटात, विटांत, रस्त्यांत करावा असे पहिले फर्मान केंद्राने १९९९ मध्ये काढले. त्यानंतर सुधारणा आणि नव्या मुदती यांची मालिका २०२१च्या अधिसूचनेपर्यंत येऊन ठेपली.

राख मुळातच कमी यावी, म्हणून कोळसा धुण्याची युक्ती आहे. आपल्याकडे तांदूळ रोळतात, तोच प्रकार: मॅग्नेटाइटची पूड कालवून जड केलेल्या पाण्यात कोळसा सोडला की हलका कोळसा तरंगतो, जड दगड बुडतो. अडचण अशी, की विलायती कोळशातले खडे तांदळातल्या खड्यांसारखे निराळे असतात. आपल्या गोंडवन काळच्या कोळशात मात्र माती दाण्यादाण्यात मुरलेली आहे, कारण तो जेथे झाडे वाढली तेथेच साचला नाही, तर नद्यांनी गाळासकट वाहून आणलेल्या वनस्पतींपासून बहुतांशी घडला. म्हणून कितीही रोळला तरी तो पुरता निवळत नाही. पण थोडा निवळतो, आणि त्या थोड्याचीही किंमत मोठी आहे. जानेवारी २०१४ मध्ये नियम झाला, की खाणीपासून दूरच्या केंद्रांना चौतीस टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा देऊ नये. टप्प्याटप्प्याने ते अंतर पाचशे किलोमीटरवर आणायचे होते. मे २०२०मध्ये, देश टाळेबंदीत असताना, हा नियम उठवण्यात आला. धुलाईतून उरणारा गाळसाळ कोळसा इतरत्र जाळला जातो आणि प्रदूषणाची केवळ जागा बदलते, असा युक्तिवाद तेव्हा झाला. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु घरातली मोरी तुंबते म्हणून कोणी भांडी घासणे बंद करीत नाही.

गंधकाची कथा याहून लांब आहे. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी धूलिकण, गंधकाचा वायू, नत्राचे वायू आणि पारा यांच्या मर्यादा ठरवल्या आणि त्या पाळण्यास दोन वर्षांची मुदत दिली. गंधक काढण्याची रीत जगाला १९७०च्या दशकापासून अवगत आहे: धुराड्याकडे जाणाऱ्या वायूवर चुनखडी कालवलेल्या पाण्याचा फवारा मारावा, गंधक चुन्याशी संयोग पावते, आणि खाली जिप्सम उरते, तेच जिप्सम जे आपला शेतकरी चोपण जमिनीला घालण्यासाठी विकत आणतो. यात नवे संशोधन काहीही करावयाचे नव्हते. यंत्र बसवावयाचे होते. दोन वर्षांची मुदत वाढली, मग पुन्हा वाढली, मग आणखी. आणि जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून व अतिप्रदूषित क्षेत्रांपासून दूर असलेल्या, म्हणजे देशातील अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास संचांना धुराड्याच्या उंचीची अट घालून या बंधनातून मुक्तच करण्यात आले. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराच्या दहा किलोमीटरांत राहणाऱ्या नागरिकाला यंत्राचे संरक्षण, आणि ज्याचे गाव जनगणनेच्या त्या आकड्यापर्यंत पोहोचत नाही त्याला उंच धुराडे! ज्या जिल्ह्यांत एकही दहालाखी शहर नाही त्यांनी यातून काय समजावे?

प्रतिपक्षाचे म्हणणे मी झाकून ठेवीत नाही. आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास म्हणजे थोडेच असते. यंत्राला मेगावॅटमागे कोटीहून अधिक रुपये लागतात. ते चालवायला वीज, पाणी आणि चुनखडी लागते, आणि चुनखडी फुटताना कर्बवायूही निघतो. ही सारी विधाने खरी आहेत. पण गंधक थोडे असले तरी कोळसा थोडा नाही, आणि हवेत गेलेला गंधकाचा वायू वायू म्हणूनच राहत नाही. त्याचे सूक्ष्म कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. शिवाय गंधक कमी असण्याचा एक उपसर्ग या चर्चेत क्वचितच निघतो. धुरातली राख पकडणारी विद्युत्-अवक्षेपके राखेच्या कणांवर भार चढवून त्यांना पत्र्यांकडे ओढतात. गंधक कमी असले की ती राख विजेला अधिक विरोध करते, सहजी पकडली जात नाही, आणि म्हणून आपल्याकडे ही यंत्रे परदेशांपेक्षा मोठी बांधावी लागतात व अधिक काटेकोरपणे राखावी लागतात. एका सवलतीचे तारण दाखवायचे, तर त्यावरचा बोजाही सातबाऱ्यावर दिसला पाहिजे.

राहता राहिला कर्बवायू, आणि येथे मात्र आमचा काळा कातळ चर्चेत येतो. खानदेशाच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट आहे. धुळे-नंदुरबारकडे तर त्याला छेदून उभ्या राहिलेल्या, मैलोगणती लांबीच्या कातळभिंती आहेत, ज्यांच्या अभ्यासासाठी भूगर्भशास्त्रज्ञ दूरदूरहून येतात. आइसलँडमध्ये कर्बवायू पाण्यात विरघळवून अशाच कातळात सोडला असता दोन वर्षांच्या आत त्याचा पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग दगड होऊन बसला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून दख्खनच्या पठाराकडे जगाचे लक्ष आहे. कल्पना मोहक आहे यात संशय नाही. परंतु त्या पद्धतीला एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. ६६० मेगावॅटचा एक संच भरपूर चालला तर वर्षाला चाळीस लाख टनांच्या आसपास वायू सोडतो. गुणाकार केला तर शंभर दशलक्ष घनमीटर पाणी होते, आणि भुसावळजवळच्या हातनूर धरणाचा उपयुक्त साठा २५५ दशलक्ष घनमीटर आहे. पाणी पुन्हा उपसून वापरता येईल, अमेरिकेत वॉलुला येथे पाण्यावाचून सुमारे हजार टन वायू बेसाल्टात पुरण्याचा प्रयोग २०१३ मध्ये झालाही आहे. म्हणून हा अभ्यास थांबवा असे कोण म्हणेल? पवईच्या आयआयटीत कर्ब पकडण्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे, त्याने आमचा कातळ अवश्य तपासावा. तोवर या आशेवर नवा कोळसा जाळण्याचा परवाना मात्र कोणी मागू नये. अमेरिकेतच मिसिसिपी राज्यात केम्पर येथे कोळशाचा वायू करून कर्ब पकडण्याचा प्रकल्प सात अब्ज डॉलरांहून अधिक गिळून २०१७ मध्ये सोडून देण्यात आला, आणि तेथे शेवटी नैसर्गिक वायूवरच वीज केली गेली.

धुळे जिल्ह्याने तर न उभ्या राहिलेल्या कोळसा-केंद्राचीही किंमत मोजली आहे. दोंडाईच्याजवळ विखरण-मेथी परिसरात ३,३०० मेगावॅटच्या औष्णिक प्रकल्पासाठी जमिनी घेण्याचे ठरले. पुढे औष्णिकाचे सौर झाले, पण संपादनाचा मोबदला मिळण्यातला भेदभाव तसाच राहिला, आणि आपल्या पाच एकरांच्या न्यायासाठी खेटे घालून थकलेल्या धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याने २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात विष घेतले. सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ऊर्जा स्वच्छ आहे की अस्वच्छ याचा निवाडा केवळ धुराड्यापाशी होत नाही, तो तलाठ्याच्या दफ्तरातही होतो.

त्याच जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे आणि शिवाजीनगरला २०१३ पासून सव्वाशे मेगावॅटचे सौर केंद्र आहे. दिवसा वीज द्या, हा कापूसवाल्याचा आणि केळीवाल्याचा जुना तगादा सूर्य आता पुरवू लागला आहे. त्याचा परिणाम असा, की भर दुपारी कोळशाच्या संचांना आपला जोर कमी करावा लागतो आणि सूर्य मावळला की घाईने वाढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत त्यांना पंचावन्न टक्क्यांवर, पुढे चाळीस टक्क्यांवर उतरण्याची सवय लावण्यास सांगितले आहे. अशा चढउतारात नव्या संचाची ती चाळीस भागांची कार्यक्षमता घसरते, नळ्या थकतात, आणि पूर्ण भारासाठी बांधलेल्या यंत्राचा जमाखर्च बदलतो. मला विचाराल तर कोळशावरील आजचे सर्वांत निकडीचे संशोधन हेच आहे: असलेले संच कमी, पण वेळेवर कसे चालवावेत. त्याला घोषणेचा डौल नाही, फीत कापण्याजोगेही त्यात काही नाही, म्हणूनच त्याची चिंता वाटते.

परवा धुळ्यात शेजारी घर बांधताना पाहत होतो. मिस्त्रीने हातातली करड्या रंगाची वीट पाण्यात बुडवून वर काढली आणि माझ्या नजरेतला प्रश्न ओळखून म्हणाला, ‘‘भाऊ, हाई मातीनी नही, राखनी शे.’’ कोपरे रेखीव होते, बोटाला काही लागले नाही. ओंजळीतली राख भिंतीत जाऊ शकते तर धुराड्यातून जाणारे जे काही आहे ते निदान आम्हांला कळू शकते. मोठ्या केंद्रांच्या धुराड्यांत अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवण्याचा दंडक केव्हाच झाला आहे, त्यांचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे जातात. ते रोजच्या रोज, मराठीत, केंद्राच्या परिसरातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रेशनच्या यादीशेजारी लिहिले जावेत, आणि ज्या दिवशी मर्यादा ओलांडली गेली त्या दिवसाचा आकडा लाल खडूने लिहावा, एवढी एक मागणी या उन्हाळ्याच्या ग्रामसभांनी ठराव करून पाठवावी.