फिट, पण हाय रिस्क

आमच्या धंद्यातला सर्वांत विनोदी वाङ्मयप्रकार म्हणजे फिजिशियनचा फिटनेस. ‘फिट फॉर सर्जरी अंडर हाय रिस्क.’ वाचलंत ना? पेशंट वाचला तर आम्ही फिट म्हटलंच होतं; गेला तर हाय रिस्कही लिहिलंच होतं. अश्वत्थाम्याच्या वेळी धर्मराजाला निदान आवाज तरी खाली आणावा लागला होता. इथे सगळं लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट. खाली सल्ला असतो: ‘अव्हॉइड हायपोटेन्शन, अव्हॉइड हायपॉक्सिया.’ बीपी पडू देऊ नका, ऑक्सिजन कमी पडू देऊ नका. बरं झालं सांगितलंत! मी भूलतज्ज्ञ. एरवी आम्ही त्याच इराद्याने हात धुऊन आत जातो.

त्या कागदावर फक्त एक गोष्ट नसते, आणि मला नेमकी तीच हवी असते. या माणसाचं बीपी एरवी, घरी, निवांत असताना किती असतं?

ते कुणी विचारत नाही. मोजतात ते ऑपरेशनच्या दिवशी सकाळी. आजोबा रात्रीपासून उपाशी. अंगात मागून नाड्या बांधायचा तो हिरवा झगा, ज्यात माणसाची अब्रू वाऱ्यावर असते. मुलगा काउंटरवर डिपॉझिटवरून हुज्जत घालतोय. सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता विचारतेय, “आजोबा, दात खरे की कवळी?” यंत्र म्हणतं १७४/१०२, आणि सगळे दचकतात. अहो, त्या अवस्थेत १२०/८० आलं असतं तर मी दचकलो असतो! पाच मिनिटं शांत बसवा, पाठीला आधार द्या, पाय जमिनीला टेकवा, दंड हृदयाच्या पातळीत ठेवा, मध्ये बोलू नका. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा उगाच फुगतो, हेही आहे. पण वॉर्डात पट्टा एकच. तोच पैलवानाला, तोच पाप्याच्या पितराला.

खरी गंमत पुढेच आहे. आदल्या संध्याकाळी बजावलेलं असतं, ‘बारानंतर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही.’ आजोबा आज्ञाधारक. चहा नाही, पाणी नाही, आणि अर्थातच बीपीची गोळीही नाही. बीपी चढतं. मग त्याच आजोबांना दरडावतात, “गोळी का नाही घेतली?” साधं पाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हे आमच्या शास्त्राला कधीचं मान्य आहे, घोटभर पाण्याबरोबर गोळीने काय आभाळ कोसळणार होतं? कोणती गोळी घ्यायची, एवढंच काय ते सांगायचं. चालू असलेली बीटा ब्लॉकर तोडायची नसते. टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्यांवर आम्हा पंडितांत वाद आहेत. २०२४ साली फ्रान्समधल्या २,००० हून अधिक पेशंटांच्या चाचणीत ती मोठ्या ऑपरेशनपर्यंत चालू ठेवली काय, ४८ तास आधी थांबवली काय, मृत्यूत आणि मोठ्या गुंतागुंतीत फरक दिसला नाही. चालू ठेवलेल्यांचं बीपी टेबलावर जास्त वेळा पडलं, इतकंच. वाद घाला खुशाल. पण घ्या किंवा घेऊ नका, यातलं एक तरी आजोबांना सांगाल?

नाही. त्याऐवजी एखाद्या उत्साही वीराला निफेडिपिनची कॅप्सूल आठवते. टोचा, थेंब जिभेखाली सोडा. आकडा धाडकन खाली, सगळे खूश. आकड्याबरोबर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाही धाडकन खाली जाऊ शकतो, म्हणून हा उद्योग थांबवा, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलात १९९६ सालीच छापून आलं होतं. ऐन वेळी नव्याने बीटा ब्लॉकर चालू करण्याची हौसही २००८ साली ८,००० हून अधिक पेशंटांवर तपासून झाली: हार्ट अटॅक कमी झाले, पक्षाघात आणि मृत्यू वाढले. आकडा मात्र सुरेख!

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ साली एकत्र बसून सरळ सांगितलं. नेहमीच्या डॉक्टरकडे गेल्या वर्षभरात १६०/१०० च्या खाली नोंद असेल, तर ठरलेलं ऑपरेशन करा. नोंदच नसेल, तर पूर्वतपासणीत १८०/११० च्या खाली असलं तरी करा. त्याच्या वर असेल, किंवा हृदय-मूत्रपिंडाचं काही नवं दुखणं दिसत असेल, तर जरूर थांबा. तिथे माझा काडीचा वाद नाही. पण १७४ बघून मोतीबिंदूच्या आजोबांना घरी धाडण्यात कसला आलाय सावधपणा? हे तर स्वतःची कातडी वाचवणं झालं.

शिवाय भूल दिल्यावर बहुतेक वेळा बीपी चढत नाही, पडतं. वर्षानुवर्षं चढ्या दाबाला सरावलेल्या मूत्रपिंडाला ११० हा आकडा म्हणजे दुष्काळ असू शकतो. त्याचं नेहमीचं किती, हे कळल्याशिवाय कितीपर्यंत पडू द्यायचं हे मी काय पंचांगात बघू?

पेशंट मंडळीही काही कमी नाहीत. ‘गोळीची सवय लागते’ म्हणून गोळी सोडणारे, लसणाच्या पाकळीवर हवाला ठेवणारे, आणि सर्वांत थोर म्हणजे बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करणारे. गोळीमुळे नॉर्मल आलं, ही शंका त्यांना शिवत नाही. पण घरात मुलाने हौसेने आणलेलं बीपीचं यंत्र कपाटावर धूळ खात असतं आणि ते आठवडाभर आधी खाली काढा, असं त्यांना एकही शहाणा सांगत नाही, त्याचं काय?

परवा एक आजी आल्या. पिशवीतून कालनिर्णय काढलं. दुधाचे खाडे लिहितात त्याच चौकोनात सुनेने रोज सकाळ-संध्याकाळचं बीपी टिपलेलं. सगळं १३० ते १४० च्या घरात. टेबलावर भरलं १७२. मी भूल द्यायला घेतली तसे सर्जनसाहेब कडाडले, “अहो, पण आत्ता १७२ आहे!”

म्हटलं, दंड इकडे करा साहेब, तुमचंही बघू.