बाटलीवरची चिठ्ठी आणि शेताचें नांव

आमच्या घरीं जवसाचें तेल ठेवण्याच्या कामीं एक हिरवी बाटली आहे. पुतण्या नागपुरास एका हॉटेलांत नोकरीस आहे. कांच जाड म्हणून त्यानें ती रिकामी झाल्यावर घरीं आणली. बाटली इटली देशाची, द्राक्षाच्या वाइनची. तिच्यावरील चिठ्ठी धुतांना निघाली नाहीं, आणि तेल ओततांना ती रोज दृष्टीस पडूं लागली. ज्याची सारी नोकरी महसूल खात्यांत सातबारे व फेरफार उतरविण्यांत गेली, त्याला कागदावर आंकडा दिसला कीं तो वाचल्यावांचून राहवत नाहीं. त्या चिठ्ठीचा अर्थ मीं हळूहळू लावून घेतला, आणि तो मंडळाच्या सभासदांपुढें ठेवावा असें वाटलें.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. दारूनें बसलेलीं घरें मीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. तेव्हां हा लेख पिण्याच्या शिफारसीचा नव्हे. बाटलींत काय होतें याच्याशीं मला कर्तव्य नाहीं. बाटलीवर काय लिहिलें आहे, आणि तें लिहिण्याचा अधिकार कोणास आहे, एवढाच माझा विषय आहे.

इटलींत वाइनच्या नांवाच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालीं नुसती ‘वीनो’, म्हणजे वाइन. तिला गांवाचा किंवा प्रांताचा दावा सांगतां येत नाहीं. तिच्यावर ‘आय. जी. टी.’, ही पायरी १९९२ च्या कायद्यानें निर्माण झाली. येथें प्रदेशाचें नांव लिहितां येतें, पण प्रदेश विस्तीर्ण व नियम सैल. तिसरी ‘डी. ओ. सी.’, १९६३ च्या कायद्यानें आलेली; हिचा अर्थ ‘उगमस्थानाचें नियंत्रित नांव’. हद्द कोठून कोठपर्यंत, वेल कोणत्या जातीची, हेक्टरीं उत्पन्न जास्तींत जास्त किती, वाइन किती महिने मुरवावयाची, हें सर्व येथें लेखी ठरलेलें असतें. चवथी व सर्वांत वरची ‘डी. ओ. सी. जी.’, शेवटच्या अक्षरानें ‘हमी दिलेलें’ एवढा अर्थ वाढतो. ती प्रथम १९८० सालीं देण्यांत आली. विक्रीपूर्वीं या मालाची रासायनिक तपासणी होते, जाणत्यांची समिति तो चाखून पाहते, आणि मग प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर सरकारी अनुक्रमांकाची पट्टी लागते. आमच्या तेलाच्या बाटलीवर त्या पट्टीचा तुकडा अजून आहे. युरोपच्या नव्या कायद्यानें वरच्या दोन पायऱ्या मिळून ‘डी. ओ. पी.’ व तिच्या खालची ‘आय. जी. पी.’ अशीं नांवें ठरलीं आहेत. तथापि जुनीं अक्षरें चिठ्ठीवर चालतात.

याखेरीज तीन शब्द वारंवार आढळतात. ‘क्लासिको’ म्हणजे मूळच्या जुन्या हद्दींतील. ‘रिसेर्वा’ म्हणजे नेमापेक्षां अधिक काळ मुरविलेली. ‘सुपेरिओरे’ म्हणजे बहुधा थोड्या चढ्या तीव्रतेची. बारोलो नांवाची वाइन घ्या. ती नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षाची हवी, आणि निदान ३८ महिने मुरली पाहिजे, त्यांतले १८ लाकडी पिंपांत. ६२ महिने ठेवाल तरच ‘रिसेर्वा’ लिहाल. आमच्या बाटलीवर ‘किआंती क्लासिको’ असें नांव आहे. त्या हद्दींत हेक्टरीं ७५ क्विंटलांहून अधिक द्राक्ष घेऊन तें नांव लावतां येत नाहीं. म्हणजे एकरीं सुमारें ३० क्विंटल. अधिक पिकविण्याची तेथल्या शेतकऱ्यांत धमक नाहीं असें नव्हे. त्यानें आपण होऊन हात आखडला आहे, आणि त्या आखडलेल्या हातालाच बाजारांत भाव आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, ठिकाणाचें नांव व वाणाचें नांव यांची गल्लत त्यांनाही नडली. ‘मोंतेपुल्चानो’ हें तोस्काना प्रांतांतील एका गांवाचें नांव आणि आब्रुत्सो प्रांतांत लागणाऱ्या एका द्राक्षाचेंही नांव. नवखा ग्राहक हमखास फसतो. ‘प्रोसेक्को’ हें तर द्राक्षाचेंच नांव होऊन बसलें होतें. वाणाचें नांव कोणासही लावतां येतें. तेव्हां परदेशांतील कोणीही तें द्राक्ष लावून आपला माल प्रोसेक्को म्हणून विकूं शकला असता. म्हणून २००९ सालीं त्यांनीं द्राक्षाला ‘ग्लेरा’ हें नांव दिलें आणि प्रोसेक्को हें नांव त्रिएस्तेजवळच्या त्या नांवाच्या खेड्याच्या आधारानें प्रदेशाकडे राखून ठेवलें.

या पद्धतींत दोष नाहींत असें मी म्हणत नाहीं. किआंतीची हद्द तोस्कानाच्या राजानें १७१६ सालींच आज्ञापत्र काढून ठरविली होती. १९३२ सालीं ती दूरवर वाढविली, आणि नांव स्वस्त झालें. उलट, बोल्गेरी येथील सास्सिकाया ही वाइन परदेशी वाणाची, म्हणून नियमांत बसेना. कित्येक वर्षें ती साध्या ‘मेजावरच्या वाइन’ म्हणून विकली गेली, आणि तरीही भावांत मोठमोठ्या नांवांच्या पुढें गेली. १९९४ सालीं कायद्यानें तिला जागा दिली. १९८६ सालीं तर स्वस्त वाइनमध्यें विषारी मेथिल अल्कोहोल मिसळल्यानें त्या देशांत वीसांहून अधिक माणसें दगावलीं. तात्पर्य, चिठ्ठी चवीची साक्ष देत नाहीं. माल कोठला, कशाचा, आणि चुकल्यास कोणास धरावयाचें, याची साक्ष ती देते. सातबाराही जमिनीचा कस सांगत नाहीं. म्हणून तो निरुपयोगी कोण म्हणेल?

आतां आपल्याकडे पाहूं. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ सालीं झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. नोंदणीचें कार्यालय चेन्नई येथें आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ हें नांव त्यांत नोंदलें गेलें आहे. आपल्या विदर्भांतील नागपूरचें संत्रें, भिवापूरची मिरची व वायगांवची हळद यांनाही हा मान मिळाला आहे. नांव मिळालें त्या दिवशीं सत्कार झाले, छायाचित्रें निघालीं. परंतु कायद्यांत दोन नोंदी आहेत. एक नांवाची, ती संस्थेकडे राहते. दुसरी तें नांव वापरणाऱ्या उत्पादकाची, ती ज्यानें त्यानें करावयाची असते. ही दुसरी नोंद ज्यानें केली नाहीं, त्याच्या पोत्यावर नांव चढत नाहीं. आणि व्यापारी मात्र नोंद न करतांच तें चढवून मोकळा होतो.

नांव हातचें गेल्यास काय होतें, हें आपल्या जिल्ह्यास कोणीं शिकवावयास नको. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ च्या सुमारास आपल्या धानांत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून जपल्या, आणि वर्षानुवर्षें पेरून त्यांचा वाण केला. बाजारानें त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचें, एच. एम. टी. हें नांव दिलें. तो तांदूळ अनेक राज्यांत गेला. दादाजींचा सत्कार राष्ट्रपतींच्या हस्तें झाला. पण २०१८ सालीं ते निवर्तले ते ओढाताणींतच. आज त्या नांवाला ना हद्द, ना नियम. गेल्या सालीं एका दुकानांतून त्याच नांवाची गोणी मीं आणली. भात शिजला तो निराळाच. विचारलें तर उत्तर मिळालें, “गोणीवर लिहिलें आहे ना?” गोणी कोठें छापली याचा पत्ता तिच्यावर होता, तांदूळ कोठें पिकला याचा नव्हता.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, मंडळानें प्रमाणपत्राच्या मागें लागण्यापूर्वीं नियम लिहावेत. तालुक्यांतील एकच पीक निवडावें. गांवें व गट नंबर घालून हद्द ठरवावी. वाण ठरवावा, आणि वाणाचें नांव व ठिकाणाचें नांव निरनिराळें ठेवावें. एकरीं उत्पन्नाची व वाळवणीची मर्यादा घालावी. पोत्यापोत्यास अनुक्रमांक द्यावा. तपासणाऱ्या समितींत निदान एक मनुष्य बाहेरचा असावा, कारण आपल्या माणसाचा माल नापास करणें कोणासही जड जातें. ही नोंद तीन हंगाम नेटकी चालली, तर अर्ज करावा. न चालली, तर अर्ज करूं नये.

एक गोष्ट मी आग्रहानें सांगतों. ही नोंदवही मालकीवर नव्हे, वहिवाटीवर ठेवावी. १९५६ पर्यंत राजुरा हैदराबाद राज्यांत होता. त्या वेळचें पाहणीपत्रक घ्या कीं आजचा गांव नमुना बारा, शेतांत काय उभें आहे हें तो कागद सांगतो. नमुना सात धन्याचा, नमुना बारा पिकाचा. आपल्याकडे बटईनें करणारे पुष्कळ आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं पट्टा मिळालेले, वा अजून न मिळालेले, कोलाम व गोंड बांधवही आहेत. सातबारा मागाल तर यांपैकीं बहुतेक बाहेर राहतील, आणि पिकविणाऱ्यावांचून पिकाचें नांव असा विपरीत प्रकार घडेल. तपासणीचा खर्च दोन एकरांच्या धन्यास झेपणार नाहीं, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तो मंडळानें उचलावा.

नोकरींत असतां मीं अनेकांचे हक्क बुडतांना पाहिले. बहुतेक ठिकाणीं अन्यायापेक्षां नोंद न करण्याचा आळसच अधिक कारण होता. जमिनीच्या बाबतींत तो आळस आपणांस पुरेसा भोंवला आहे. नांवाच्या बाबतींत तरी भोंवूं नये.