मथळ्यातला निकाल

गुन्ह्याच्या बातमीची मराठी ठरलेली आहे. आरोपीच्या मुसक्या आवळल्या जातात, बेड्या ठोकल्या जातात, तो जेरबंद होतो नाहीतर गजाआड जातो. त्याआधी 'खात्रीलायक खबर' मिळालेली असते, सापळा रचलेला असतो, आणि शेवटच्या परिच्छेदात हमखास एक वाक्य येतं: 'पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.' खाक्या म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. कोठडीतल्या माणसाला मारल्याची ही छापील नोंद आहे, असं मात्र चहा पिता पिता कुणाला वाटत नाही.

पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. त्या कबुलीतून हत्यार किंवा ऐवज सापडला, तर तेवढ्यापुरता अपवाद. इंग्रज सरकारलाही आपल्या पोलिसांवर जेवढा भरवसा ठेवावासा वाटला नाही, तेवढा आपण मथळा लावताना ठेवतो. पोलिसांची प्रेसनोट संध्याकाळी येते, पान रात्री लागतं आणि 'पोलिसांचं म्हणणं आहे की' हे चार शब्द जागेअभावी सर्वांत आधी कापले जातात.

पुण्याने अलीकडे याचे दोन ठळक नमुने पाहिले. २०२२च्या अखेरीस 'कोयता गँग' हा शब्द रुळला. कोयते नाचवत गाड्या फोडणारी, दुकानदारांना धमकावणारी पोरं होती. लोकांची भीती खरी होती आणि जखमाही खऱ्याच. पण कुणा एका म्होरक्याची ही टोळी नव्हती. निरनिराळ्या वस्त्यांमधली, एकमेकांना न ओळखणारी टोळकी होती ती, आणि त्यांतली कित्येक पोरं अठराच्या आतली. नाव पडल्यावर मात्र शहरात कुठेही कोयता निघाला की तो गँगच्या खात्यावर जमा होऊ लागला.

मग १९ मे २०२४ची पहाट. कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. कार चालवत असल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा. पहिल्या दिवशी बातमी 'भीषण अपघाता'ची होती. बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन दिल्याचं कळलं, तसा तो 'बिल्डरपुत्र', 'बिल्डरबाळ', 'दिवटा' झाला. संताप अनाठायी नव्हता. एवढा गदारोळ झाला नसता तर रक्ताचे नमुने बदलल्याचा प्रकार उजेडात आला असता का, ही शंका रास्तच आहे. पण त्याच गदारोळात जामिनावरच्या मुलाची निरीक्षणगृहात रवानगी झाली आणि २५ जूनला उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावलं. पुढे जुलै २०२५मध्ये त्याला प्रौढ समजून खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही मंडळाने फेटाळली.

कोयतेवाला पोरगा आणि हा, दोघेही अठराच्या आतले असतील तर कायदा एकच: २०१५चा बाल न्याय कायदा. पोलिसांच्या कागदात दोघेही 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. शब्द जीभ अडखळवणारा आहे आणि एका कॉलमच्या मथळ्यात तो बसणार नाही, हे कबूल. पण याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात, अशा मुलाच्या बाबतीतल्या कारवाईत दोषारोप करणारे शब्द वापरायचे नाहीत, हे तत्त्व म्हणून लिहून ठेवलं आहे. वृत्तपत्रांना त्याहून थेट बंधन आहे ते ओळख न छापण्याचं. आपण काय केलं? मुलाचं नाव झाकलं आणि बापाचं नाव, फोटो, धंदा सगळं छापलं.

शब्द दोघांनाही चिकटले, पण भार सारखा पडला नाही. बिल्डरच्या मुलापाठीमागे वकिलांची फौज होती, म्हणून 'दिवटा' हा शब्द उच्च न्यायालयाच्या दारात गळून पडला. वस्तीतल्या पोराची आई धुणीभांडी सोडून तारखेला जाणार, तीही जमेल तेव्हा. 'गँग' हा शब्द त्याच्या शाळेत, कामाच्या ठिकाणी, पुढच्या प्रत्येक नाकाबंदीत त्याच्याआधी पोचलेला असतो. चौकीतल्या हवालदारानेही तो पेपरातच वाचलेला असतो.

यातला एखादा पुढेमागे सुटला, तर आतल्या पानावर चार ओळी येतात: 'पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता'. दोषी ठरलेल्याच्या मथळ्यात 'पुराव्यामुळे' हा शब्द मी अजून वाचलेला नाही.