रान आमचे, मग चुनखडी कुणाची?



माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात ज्याचे रान आहे त्याला चुनखडी पुस्तकातून शिकावी लागत नाही. जिथे ती जास्त, तिथली ज्वारी पिवळी पडते. चुन्यापायी जमिनीतले लोह पिकाला मिळत नाही. कपाशीही खुरटते. हे नुकसान आमचे. पण तीच चुनखडी उकरून भट्टीला घालायची म्हटली की कायदा सांगतो, हात लावू नका, ती सरकारची.

सरकारची कधीपासून? विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांनी 1847 साली मुंबई इलाख्याच्या पाहणीचे नियम ठरवले. त्यात जमिनीचे दोष मोजण्याच्या खुणा होत्या आणि त्यांतला एक दोष होता चुनखड. मातीत चुन्याचे खडे सापडले की प्रत एका पायरीने खाली. म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले की हा दगड शेतकऱ्याच्या रानातली खोड आहे. पुढे 1879 च्या जमीन महसूल कायद्यात त्याच सरकारने खनिजांवरचा हक्क राखून ठेवला. तरी त्या कायद्यात दोन गोष्टी होत्या. हक्क राखला तो इनाम नसलेल्या जमिनीपुरता, आणि कब्जेदाराचा आधीपासूनचा हक्क असेल तर त्याला धक्का नाही असे म्हटले होते. गोऱ्या साहेबाने एवढी तरी फट ठेवली होती.

ती फट आपल्या राज्याने बुजवली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 48: खनिज कुठेही सापडो, वर की खाली, शेतात की नाल्यात, बांधावर की नदीच्या पात्रात, त्याचा हक्क राज्य सरकारचा. सांगली, जत, औंध, फलटण ही तर संस्थाने होती, तिथले वहिवाटीचे हक्क वेगळे. ते कुणी तपासले नाहीत. एका वाक्यात सगळे गेले.

इथे आमचा मुख्य सवाल आहे. दगडावर दावा सांगायचा तर पुरावा कुणी द्यायचा? अमेरिकेत 1872 च्या कायद्याने सरकारी जमिनीवर कुणीही खनिजाचा दावा लावू शकतो, पण शाबीत त्यालाच करावे लागते. शहाणा माणूस या मालावर पैसा आणि कष्ट घालील का, माल नफ्याने विकेल का, हे तिथली न्यायालये विचारतात. 1955 साली साधी वाळू नि साधा दगड या कायद्यातून काढले. तेव्हापासून चुनखडीवर दावा सांगणाऱ्याला आपला दगड साध्या दगडाहून वेगळा आहे हेही दाखवावे लागते. आणि खासगी जमिनीखालचे खनिज, कुणी आधी विकले किंवा राखले नसेल तर, तिथे सहसा जमीनमालकाचेच. आपल्याकडे दावा सांगणाऱ्या सरकारला काहीच शाबीत करावे लागत नाही.

बरे, दगडाचे नाव तरी एक असावे! 1958 साली केंद्राने ठरवले की इमारतीच्या चुन्यासाठी भट्टीत जाणारी चुनखडी गौण खनिज, आणि सिमेंटला गेली की तीच प्रमुख खनिज. कित्येक दशके दगडाची जात तो कुठे जातो यावरून ठरली. ज्याच्या रानातून निघाला त्याची जात मात्र बदलली नाही. तो दोन्हीकडे फक्त वरच्या मातीच्या भरपाईचा धनी.

आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात सिमेंटच्या प्रतीचे मोठे थर नाहीत, मग आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. थर आहेत कोरपना, राजुरा, वणीकडे. तेही आपल्यासारखेच कापूस-ज्वारीवाले. 2015 पासून चुनखडीचे पट्टे लिलावाने जातात. लिलावाआधी भोके पाडून, नमुने तपासून किती माल, कोणत्या प्रतीचा, याचा हिशेब होतो. पट्टा घेणाऱ्याला तो हिशेब मिळतो. ज्याच्या बांधात भोक पाडले त्याला कोण दाखवतो? त्याच साली जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. रॉयल्टीच्या 10 टक्के, जुन्या पट्ट्यांना 30 टक्के एवढी रक्कम त्यात जमा होते. पैसा जिल्ह्याच्या नावाने राहतो, सातबाऱ्यावरच्या नावाने नाही.

न्यायालयात दार अगदी बंद नाही. 8 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या मलबारच्या जमीनमालकांच्या दाव्यात सांगितले की जमिनीखालची सगळी संपत्ती आपोआप सरकारची असे कोणताही कायदा म्हणत नाही. कायदेशीर मार्गाने काढून घेतली नसेल तर ती मालकाची. आमच्याकडे कलम 48 ने काढून घेतली असे सरकारी वकील म्हणणार. म्हणूनच भांडण त्या कलमाशी आहे. 2014 मध्ये पुण्याच्या बिल्डरांनी पाया खणताना निघालेल्या मातीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल मिळवला. त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे होते. आपल्याकडे तहसीलची नोटीस आली की मुरमाची ट्रॉली सोडून घरी यायची रीत आहे.

रीत मोडलेलीही आहे, आणि ती याच जिल्ह्यात. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात खानापूर तालुक्यात येरळेची वाळू ठेकेदार नेत होते आणि विहिरींचे पाणी खाली जात होते. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून विचारले, वाळू कुणाची? थोडी वाळू स्वतः विकून, श्रमदान करून त्यांनी बळीराजा धरण उभे केले. वाळूसुद्धा कायद्याने सरकारचीच होती, हे ध्यानात घ्या.

आमची मागणी साधी आहे. सरकारने ज्या ज्या सर्व्हे नंबरात चुनखड हा दोष म्हणून लिहिला, तिथल्या चुनखडीच्या रॉयल्टीत कब्जेदाराचा हिस्सा धरावा. आणि भोके पाडल्याचा अहवाल ग्रामसभेपुढे मराठीत ठेवल्याशिवाय लिलाव करू नये.

जिल्हा बैठकीला येताना सातबारा आणा. त्याबरोबर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन आपल्या गटाच्या जुन्या प्रतवारीचा उतारा मागा. प्रतीची नोंद नीट वाचा. चुनखडीची खूण सापडली तर तेवढ्या पानाची नक्कल शिक्क्यासह घ्या.